सावली काळी नसते

ऊन आणि मी, आमचं कधीच पटलं नाही. टिपिकल पुणेरी मुलगी आहे मी. स्कूटरवर बसायच्या आधी डोक्याला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे, डोळ्यांवर गॉगल. समोरून सख्खी बहीण गेली तरी ओळखायची नाही. ऑफिसात दिवसभर ट्यूबलाइट आणि एसी. एप्रिल-मे महिन्यांत तर मी सूर्य बघते तो फक्त लॅपटॉपच्या वॉलपेपरवर. त्यामुळे आज मी तुम्हाला चक्क उन्हासाठी केलेल्या एका प्रवासाबद्दल सांगणार आहे म्हटल्यावर आमच्या घरचे हसतील. हसू देत.

झालं असं, की २०२४ च्या जूनमध्ये ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे माद्रिदला होते. मधला वीकेन्ड मोकळा. शॉपिंग करून झालं, चुरोस खाऊन झाले. रविवारी सकाळी काय करायचं, असं तिथल्या एका सहकारी मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "सोरोयाच्या घरी जा." मला वाटलं, तिचा कुणी काका-मामा असेल!

नाव लिहितात सोरोल्ला, म्हणतात सोरोया. होआकिन सोरोया. जन्म १८६३, व्हॅलेन्सिया. समुद्र, ऊन आणि उन्हातली माणसं रंगवणारा स्पेनचा लाडका चित्रकार. माद्रिदमध्ये १९११ च्या सुमारास त्याने स्वतःसाठी घर बांधलं. बायको क्लोतिल्देने मृत्युपत्रात ते सरकारला देऊन टाकलं आणि १९३२ मध्ये त्याचं म्युझियम झालं. पुढे त्याने स्वतः आखलेली बाग आणि कारंजी, आत लाल भिंतींचा उंच स्टुडिओ. रंगांचे ब्रश तिथेच ठेवलेले. मालक जरा बाहेर गेलेत, येतीलच आता, असं वाटावं.

कवडसे!

मी चित्रांमधली एक्स्पर्ट वगैरे नाही. म्युझियममध्ये मी साधारण लग्नातल्या बुफेसारखी फिरते. हे बघ, ते बघ, पुढे चल. पण एका चित्रासमोर पाय अडकले. नाव 'ला बाता रोसा', म्हणजे गुलाबी झगा. साल १९१६. दोन मीटरहून उंच कॅनव्हास. समुद्रावर वेताच्या काड्यांचं झोपडीवजा खोपटं आहे, नुकतीच समुद्रातून आलेली एक बाई त्यात उभी आहे, ओला गुलाबी झगा अंगाला चिकटलाय आणि दुसरी बाई तिला मदत करतेय. बाहेर रणरणतं ऊन, आत सावली.

पण कसली सावली! काड्यांच्या फटींतून ऊन आत शिरलंय आणि दोघींच्या अंगावर, कापडावर, जमिनीवर सांडलंय. म्हणजे आपले कवडसे! आजोळच्या माजघरात कौलांमधून यायचे ना, ज्यात धूळ नाचताना दिसायची, अगदी तेच. आणि जिथे कवडसा नाही, तिथेही अंधार नाही. कुठे जांभळट, कुठे निळसर, कुठे गुलाबी. काळा रंग शोधून सापडेना.

दुसऱ्या दालनात 'पासेओ आ ओरियास देल मार' होतं, 'समुद्रकाठचा फेरफटका'. साल १९०९. क्लोतिल्दे आणि थोरली लेक मारिया, दोघी पांढऱ्या शुभ्र ड्रेसमध्ये वाळूवरून चालल्या आहेत, वारा सुटलाय. गंमत म्हणजे या चित्रात आकाश नाही. क्षितिजही नाही. मागे नुसती वाळू आणि पाणी. पण पांढऱ्या कापडाच्या चुण्यांमध्ये नीट बघा. तिथे निळं आहे. चित्रात नसलेलं आकाश दोघींच्या कपड्यांवर उतरलंय.

हा काय प्रकार आहे, ते मी तिथल्या एका बाकावर बसून स्वतःला समजावलं. आपण शाळेत सावली कशी काढायचो? काळा खडू घ्यायचा आणि घासायचा. पण उघड्या समुद्रकाठी सावलीत सूर्य थेट पोचत नसला, तरी आकाश पोचतं. वरून निळ्या आकाशाचा उजेड पडतो, म्हणून सावली निळी-जांभळी दिसते. खालून तापलेल्या वाळूचा पिवळसर उजेड उसळतो, म्हणून हनुवटीखाली, टोपीच्या कडेखाली सोनेरी झाक येते. सावलीला स्वतःचा उजेड असतो, तो फक्त दुसरीकडून येतो. फ्रान्समधल्या इंप्रेशनिस्ट मंडळींनी हे आधीच हेरलं होतं. सोरोयाने ते भूमध्य समुद्राच्या भगभगीत उन्हात नेऊन दाखवलं. आणि तेही स्टुडिओत बसून नाही. तो भलेमोठे कॅनव्हास थेट वाळूत उभे करायचा, वाऱ्याला आडोसा म्हणून कापडं ताणायचा आणि ऊन सरकायच्या आत भराभर रंगवायचा.

बास, ठरलं! पुढच्या शनिवारी व्हॅलेन्सिया.

चित्रकाराच्या नावाचं स्टेशन

माद्रिदहून फास्ट ट्रेनने दोन तासांच्या आत व्हॅलेन्सिया येतं. उतरल्यावर पाटी वाचली आणि खूश झाले. स्टेशनचं नावच 'होआकिन सोरोया'! राजा नाही, पुढारी नाही, चित्रकार.

तिथून समुद्र गाठायला ट्राम. मालवारोसा नावाचा लांबच लांब किनारा आणि त्याला लागून कबान्याल ही जुनी कोळ्यांची वस्ती. बुटकी घरं, दर्शनी भिंतींवर निळ्या-हिरव्या-पिवळ्या टाइल्स, दारात कुंड्या. सोरोयाच्या काळी इथे मासेमारीच्या होड्या आल्या, की त्या ओढून वाळूवर घ्यायला चक्क बैल पाण्यात उतरायचे. तोच देखावा त्याने १८९४ मध्ये भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवला, पॅरिसमध्ये तो गाजला, आणि आज ते चित्र तिथल्या ऑर्से म्युझियममध्ये आहे. १८९६ मध्ये त्याने शीड शिवणाऱ्या बायका-माणसांचं चित्र काढलं. वेलींच्या मांडवाखाली पांढरं शीड पसरलंय आणि त्यावर पुन्हा कवडसेच कवडसे. ते आता व्हेनिसला आहे.

मी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आपल्याला वाटतं, दोन म्हणजे ऊन उतरायला लागलं. तिथे उन्हाळ्यात घड्याळ इतकं पुढे असतं, की सूर्य माथ्यावर येतो तोच दोनच्या सुमारास! गावकरी मंडळी शहाणी. ती सगळी छताखाली बसून पाएया खात होती. उन्हात फक्त मी आणि काही लालबुंद झालेले टूरिस्ट. मीही मुकाट्याने सावली गाठली आणि गारेगार ओर्चाता मागवली. चुफा नावाच्या छोट्या कंदांपासून करतात, दिसायला दुधासारखी, चवीला गोडूस. दुसरा ग्लास मागवावाच लागतो.

पाच-सहा वाजता वाळूवर उतरले आणि एक गोष्ट डोक्यात लख्ख शिरली. हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. आपला कोकण पश्चिमेकडे. आपल्याकडे संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो, म्हणून आपले बीचवरचे फोटो आठवून बघा. मागे केशरी आकाश आणि पुढे सगळे काळे ठोकळे. कोण ताई, कोण दादा, काही कळत नाही. इथे संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीमागे, शहराच्या बाजूला असतो. समुद्राकडे बघितलं, की पाण्यातला प्रत्येक माणूस समोरून उजळलेला. ओल्या पाठी चमकतायत, लाटेच्या पोटात हिरवा उजेड, वाळूवर लांब जांभळ्या सावल्या. आणि हे नऊ वाजेपर्यंत चालतं!

माझ्याकडे पांढरा रुमाल होता. तो वाळूवर अंथरला आणि वर हात धरला. हाताची सावली रुमालावर पडली. काळी? छे. निळसर, अगदी स्वच्छ निळसर. शेजारचं स्पॅनिश कुटुंब माझ्याकडे "उन्हाने डोकं फिरलंय बिचारीचं" अशा नजरेने बघत होतं. पण मला जगज्जेतेपद मिळाल्यासारखं झालं होतं.

ते चित्र

इथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात परत येऊन बँकाजा फाउंडेशनच्या इमारतीत गेले. त्यांच्या संग्रहात सोरोयाचं एक प्रसिद्ध चित्र आहे आणि मी गेले तेव्हा ते भिंतीवर होतं. 'त्रिस्ते एरेन्सिया'. म्हणजे 'दुःखद वारसा'. साल १८९९. रुंदी जवळजवळ तीन मीटर.

समुद्र तोच. पण या समुद्रावर आंघोळीला आणलेली मुलं आहेत ती अनाथालयातली, अपंग. उघडी, हडकुळी. मधोमध एक मुलगा कुबड्यांवर, पाय वाळलेले आणि वाकडे. त्याला आधार द्यायला झुकलेला एक संन्यासी, पायघोळ काळ्या झग्यात. माद्रिदला शोधूनही न सापडलेला काळा रंग इथे चित्राच्या मध्यावर उभा होता.

मी तो मुलगा ओळखला. तो माझा मामा आहे.

धाकटा मामा. जन्म १९६४. दोन वर्षांचा असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय गेलेला होता. पोलिओ. पायाला कॅलिपर, हातात काठी. गुहागरला त्याचं रेडिओ-घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आम्हा भाचरांची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिथे गेली. रोज संध्याकाळी समुद्रावर जायचं. मामाही यायचा. सुरूच्या झाडांखाली सावलीत सतरंजी टाकून बसायचा. आमच्या चपला, आईची पर्स, बाबांचं घड्याळ, सगळ्यांच्या टॉवेलची पिशवी सांभाळायचा. आम्ही लाटांत धिंगाणा घालायचो आणि मधूनच ओरडायचो, "मामा, चपला बघ हां!" तो हात वर करायचा.

त्याला कुणी पाण्यात चल म्हणालं नाही. मीही नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. वाईट हेतूने नाही हो. ते आमच्या डोक्यातच आलं नाही. मामाची जागा सावलीत, हे समुद्राच्या जागेइतकंच ठरलेलं होतं.

त्या चित्राचं नाव मला टोचत राहिलं. दुःखद वारसा. कुणाचा वारसा? त्या काळी लोक समजत, की आईबापांनी केलेल्या चैनीची, पापाची फळं ही मुलं भोगतायत. सोरोयाने आधी नाव योजलं होतं तेही याच अर्थाचं, 'सुखोपभोगाची मुलं'. पोलिओ एका विषाणूने होतो, हे व्हिएन्नामध्ये लँडस्टायनर आणि पॉपर यांनी दाखवलं ते १९०८ मध्ये, म्हणजे चित्रानंतर नऊ वर्षांनी. त्या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा काही दोष नव्हता. पण नाव पडलं ते पडलंच.

आणि हसू नका त्या काळच्या लोकांना. माझ्या आजीला १९६६ मध्ये हेच ऐकवलं गेलं होतं. "तुझंच काहीतरी चुकलं असणार गं." आजीने मरेपर्यंत सोमवार धरले. कशाचं प्रायश्चित्त, ते तिलाही ठाऊक नव्हतं. लस निघून तेव्हा दहा वर्षं झाली होती, आमच्या गावात पोचली नव्हती, इतकंच. भारत पोलिओमुक्त जाहीर झाला २०१४ मध्ये. तोपर्यंत आजी नव्हती.

उन्हातली मुलं

या चित्राला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस मिळालं. सोरोया युरोपभर गाजला. कुणीही त्याच लायनीवर आणखी दहा चित्रं काढली असती. पण यानंतर व्यथेची मोठमोठी चित्रं त्याच्याकडून जवळजवळ थांबलीच. समुद्र तोच ठेवला, मुलं ठेवली, आणि पुढची वीस वर्षं तो ऊन रंगवत राहिला. १९०९ मध्ये न्यूयॉर्कला त्याची ३५६ चित्रं लागली तेव्हा महिन्याभरात दीड लाखांवर लोक ती बघायला आले.

काही जण त्याला म्हणतात, गोड-गोड चित्रकार. सगळं छान-छान, सगळे आनंदी. मलाही माद्रिदला क्षणभर तसंच वाटलं होतं. पण त्याची गोष्ट कळल्यावर नाही वाटत. सोरोया दोन वर्षांचा असताना १८६५ च्या कॉलऱ्याच्या साथीत आई आणि वडील दोघंही गेले. तो आणि बहीण मावशी-काकांकडे वाढले. काका कुलपं बनवायचे. म्हणजे 'दुःखद वारसा' काय असतो, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. अशा माणसाने उन्हात हसणारी मुलं रंगवली, तर ती न कळून रंगवलेली नसतात.

माद्रिदला परतल्यावर शेवटच्या संध्याकाळी प्राडोमध्ये जाऊन मी त्याचं १९१० चं 'चिकोस एन ला प्लाया' बघितलं. तीन पोरं उघडीवाघडी, ओल्या वाळूवर पालथी लोळतायत. बास, एवढंच. ना संन्यासी, ना कुबड्या. अंगावर ऊन, खाली ओल्या वाळूत त्यांचंच प्रतिबिंब आणि सावल्या. सावल्या तपकिरी, जांभळ्या. त्या तिघांपैकी कुणाचा पाय कसा आहे, चालताना लंगडतो का, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. लोळणाऱ्या पोरांमध्ये ते कळतही नाही आणि त्याने फरकही पडत नाही.

तिथूनच मामाला फोटो पाठवला. दोन मिनिटांत त्याचा मेसेज आला.

"पाणी गार होतं का?"

फक्त एवढंच. साठ वर्षांचा माणूस, जन्म समुद्राच्या गावात, आणि मला विचारतोय, पाणी गार होतं का.

गुहागर, सकाळी आठ

दिवाळीत गेलो आम्ही. मी आणि दोन मावसभाऊ. संध्याकाळ मुद्दाम टाळली, सकाळी गेलो. आपल्या किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीमागून, माडांवरून येतो आणि समुद्रातला माणूस समोरून उजळतो. व्हॅलेन्सियाची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, हे मला सोरोयानेच शिकवलं होतं.

मामा आधी तयारच होईना. "अगं, कॅलिपर गंजेल." काढून ठेव. "लोक बघतील." सकाळी आठला कोण येतंय? "पडलो तर?" आम्ही तिघं आहोत की. शेवटी म्हणाला, "तुम्हाला काय खूळ लागलंय, कळत नाही," आणि कॅलिपरचे पट्टे सोडायला लागला.

दोन्ही बाजूंनी भावांनी धरलं. गुडघाभर पाण्यापर्यंत गेलो. पाण्यात माणसाचं वजन हलकं होतं, पायावरचा भार कमी होतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पहिली लाट आली तेव्हा त्याने माझा खांदा इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. दुसऱ्या लाटेला तो हसला. तिसऱ्या लाटेला म्हणाला, "सोड जरा." सोडलं. दोन सेकंद उभा राहिला आणि मग मस्तपैकी बसला पाण्यातच, फतकल मारून.

मी फोटो काढला. मामाचा समुद्रातला पहिला फोटो. चेहऱ्यावर ऊन आहे, केस ओले आहेत, आणि हनुवटीखालची सावली, मी झूम करून बघितली, निळसर सोनेरी आहे.

तेवढ्यात मामाने मान वळवून किनाऱ्याकडे बघितलं आणि एकदम काळजीने विचारलं, "अरे, पण चपला कोण सांभाळतंय?"

जाणार असाल तर...

* माद्रिदचं सोरोया म्युझियम विस्ताराच्या कामासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद करण्यात आलं. निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर उघडल्याची खात्री करून घ्या.
* प्राडोमध्ये संध्याकाळी शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो. रांग मोठी असते, अर्धा तास आधी पोचा.
* 'त्रिस्ते एरेन्सिया' व्हॅलेन्सियात बँकाजा फाउंडेशनच्या संग्रहात आहे. त्या वेळी मांडलेलं आहे ना, ते आधी विचारून घ्या.
* मालवारोसाला दुपारी दोनला जाऊ नका. जेवा, झोपा, पाचनंतर निघा. सनस्क्रीन लावा, पण स्कार्फ हॉटेलवर ठेवा.
* आणि पांढरा रुमाल विसरू नका.